विरह आणि शेजार

हा लेख एका जुन्या शेऱ्याविषयी आहे. शेरा माझाच आहे, आणि तो चुकला होता असे आता मला वाटते. दिवाळी अंकात समीक्षकाने स्वतःच्या चुकीचा पाढा वाचावा काय, असे कोणी विचारील. चूक माझ्या एकट्याची असती तर मी गप्पच बसलो असतो. पण ती आपल्या वाङ्मयीन विचाराच्या एका सवयीतून झालेली आहे, आणि ती सवय माझ्यापुरती मर्यादित नाही. म्हणून ती चारचौघांत मांडावयाचे धाडस करतो.

निवृत्तीनंतर मी मुळशी तालुक्यात, भूगावच्या बाजूला, पौडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत राहावयास आलो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या घरात मागची एक खोली भाड्याने गेली. बाई सातारा जिल्ह्यातल्या. प्राथमिक शाळेत शिकवीत होत्या, आणि बिनपगारी रजा काढून चार वर्षांच्या मुलीसह आल्या होत्या. नवरा सैन्यात हवालदार. डोंगरापलीकडच्या एका लष्करी संस्थेत त्याचे वर्षभराचे प्रशिक्षण चालू होते. राहणे बराकीत, कुटुंबासाठी जागा नाही. रविवारी आउटपास मिळाला तर भेट. लग्नाला सहा वर्षे झाली, त्यांत सलग दोन महिने एकत्र काढलेले नाहीत, तेव्हा निदान हे वर्ष जवळ राहू, एवढाच त्यांचा हिशेब होता.

मी मराठी शिकवीत असे हे कळल्यावर एके दिवशी त्यांनी एक वही आणून दिली. तीत एक कथा होती. चार दिवसांनी मी ती परत केली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते: "भाषा स्वच्छ आहे. पण कथेत काही घडत नाही. नायिका नायकाजवळ येऊन राहते; मग भेट तरी रंगवा, नाहीतर विरह तरी रंगवा." त्यांनी तो शेरा उभ्याउभ्याच वाचला, "बरं सर" म्हणाल्या, आणि गेल्या.

वर्ष संपले, नवऱ्याची बदली दूर झाली, बिऱ्हाड हलले. पुढच्या आठवड्यात घरमालकीण रद्दीचा गठ्ठा घेऊन माझ्या दारी आल्या. "मास्तर, यातलं तुमच्या कामाचं काय आसंल तर बघा, बाकीचं देऊन टाकते." गठ्ठ्यात ती वही होती.

२

कथेचा आराखडा सांगतो. लेखिकेची परवानगी घेतलेली नाही, म्हणून नाव आणि शब्द देत नाही.

नायिका खोली घेते. अनामत, गॅसची टाकी, बालवाडीचा प्रवेश, आठवड्यातून दोनदा येणारे पाणी, हे सारे ती एकटीच पार पाडते. पहिल्या रविवारी नवरा येतो, जेवतो आणि झोपतो. पहाटे चारला उठून सहा दिवस काढलेला माणूस. त्याला झोपेखेरीज दुसरे काही नको आहे. मुलीने आवाज करू नये म्हणून नायिका तिला घेऊन ओढ्यावर जाऊन बसते. पाच वाजता ती परत येते तेव्हा तो बूट घालीत असतो. बसपर्यंतच्या वाटेवर दोघे बालवाडीच्या फीविषयी बोलतात. पुढे असेच आणखी तीन रविवार येतात, आणि एक येत नाही.

मग एका गुरुवारी सासूचा गावाहून फोन येतो. मुलाला ताप आहे, तुला ठाऊक नाही का, म्हणून विचारते. नवऱ्याने आईला कळविले आहे, बायकोला नाही. कारण बायको जवळ आहे. तिला कळले तर ती फाटकापाशी येऊन उभी राहील, आणि बराकीत सगळ्यांना ते दिसेल. ती खरोखरच जाते. पहारेकरी अदबीने बोलतो. पण आज भेटीचा दिवस नाही. ती परत येते. रविवारी तो येतो, तेव्हा दोघांपैकी कोणीही त्या गुरुवारचा उल्लेख करीत नाही. शेवटी प्रशिक्षण संपते. पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली काळी पत्र्याची ट्रंक भरली जाते, आणि कथा थांबते.

या कथेला मी 'काही घडत नाही' असे म्हटले होते. आज ती वाचताना तापाचा प्रसंग मला सोडीत नाही. तीनशे मैल दूर असती तर जी बातमी बायकोला पहिल्यांदा कळली असती, ती तीन मैलांवर असल्यामुळे सर्वांत शेवटी कळते. मराठी कथेत मी हे पूर्वी वाचलेले नाही. तरीही ते माझ्या नजरेतून निसटले. ते का निसटले, हा खरा प्रश्न आहे.

३

निसटले, कारण मी जो गज घेऊन बसलो होतो त्यावर या अनुभवाची खूणच नव्हती. आपल्या काव्यशास्त्राने शृंगाराचे दोन भाग केले, संभोग आणि विप्रलंभ. विप्रलंभाचे पुढे पूर्वराग, मान, प्रवास, करुण असे प्रकार सांगितले. नाट्यशास्त्राने आठ नायिका सांगितल्या. त्यांत पती परदेशी गेलेली प्रोषितभर्तृका आहे, आणि आपण होऊन प्रियकराकडे निघालेली अभिसारिकाही आहे. पण अभिसारिका एका रात्रीसाठी निघते. तिला अनामत भरावी लागत नाही, आणि वाटेत साप असले तरी पाण्याच्या टँकरची वेळ तिला सांभाळावी लागत नाही. जी निघते, पोहोचते, तेथे वर्षभर राहते, आणि तरीही जिची भेट पुरती होत नाही, तिला या यादीत जागा नाही.

शास्त्राचे राहू द्या. शास्त्र राजवाड्यांतले होते असे म्हणता येईल. 'गाथासप्तशती' तर आपल्याच मातीतली, महाराष्ट्री प्राकृतातली. स. आ. जोगळेकरांनी ती मराठीत आणून आपल्यावर फार मोठे उपकार केले आहेत. या गाथांत शेते आहेत, नद्या आहेत, सासवा आणि नणंदा आहेत, आणि घरोघरी प्रवासाला गेलेल्या पुरुषांच्या बायका आहेत. मात्र या बायका दारात आहेत. रस्ता पुरुषाचा आणि उंबरा बाईचा, ही वाटणी तेथे होऊन गेलेली आहे.

पुढे पेशवाईत लावणीने हीच वाटणी उचलली. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडावयाच्या आणि पावसाळ्यापूर्वी परतावयाच्या, असा त्या काळचा रिवाज. मोहिमेवर गेलेल्या शिलेदाराची बायको हा शाहिरांना आयता मिळालेला विषय होता. होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या काळात ही लावणी भरास आली. तिचे सामर्थ्य मी कमी लेखीत नाही. देहाच्या तहानेविषयी इतके मोकळे मराठी पुन्हा फार दिवस कोणी लिहिले नाही. पण ती बाईच्या तोंडी घातलेली पुरुषाची रचना आहे आणि पुरुषांच्या बैठकीत म्हटली गेली आहे. श्रोत्यांत मोहिमेवरून परतलेले पुष्कळ असणार. आपण नसताना घरी आपल्यासाठी कोणी तळमळत होते, हे ऐकण्यात त्यांना गोडी वाटली तर नवल नाही. बायको पाठोपाठ छावणीच्या कडेला येऊन राहिली आहे, आणि आपल्याला झोप आली म्हणून ओढ्यावर जाऊन बसली आहे, ही लावणी त्यांना कितपत आवडली असती?

वास्तविक बायका जातच होत्या. पानिपताच्या मोहिमेत कुटुंबकबिला बरोबर होता, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. बहुधा पराभवाच्या कारणांच्या यादीत त्याने ती पाठ केलेली असते. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेत होती. १४ जानेवारी १७६१ नंतर ती परत आली, आणि पती येईल या आशेने तिने सौभाग्यलेणे उतरविले नाही. आपल्या मनात पार्वतीबाईची जी मूर्ती आहे ती या दुसऱ्या भागातली आहे, पुण्यात वाट पाहणारी. महिनोन्महिने डेऱ्यात राहिलेली, नवरा मसलतीत असताना पलीकडच्या कनातीत दिवस मोजणारी पार्वतीबाई आपल्याला जवळजवळ परकी आहे. तिने केलेला प्रवास आपण तिच्या प्रतीक्षेची प्रस्तावना म्हणून वाचतो.

४

मग मराठीत जवळ जाऊन राहणारी बाई नाहीच काय? आहे, आणि ती आपल्या गद्याच्या अगदी पहिल्या रांगेत बसलेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पती जिवंत, पण ज्या जगात तो गेला तेथे तिला प्रवेश नाही. काही काळ दूर काढल्यावर लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास गेल्या, आणि आपले सोवळे बरोबर घेऊन गेल्या. एका माणसाच्या शेजारी राहावयाचे आणि त्याच्या हातचे पाणी चालते की नाही याचा विचार करावयाचा, अशी ती अवस्था. पुढे सोवळे सुटले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

तो धर्माचा प्रश्न, हा फौजेचा. तुलना जुळते कशी, असे कोणी म्हणेल. मला ती जुळते असे वाटते ती एका बाबतीत. दोन्हीकडे पुरुष एका शिस्तीत शिरला आहे. त्या शिस्तीचे स्वतःचे घड्याळ आहे, स्वतःचे कपडे आहेत, स्वतःची भाषा आहे. बाईला त्या शिस्तीत बोलावलेले नाही. ती कुंपणाला लागून घर करते. लक्ष्मीबाईंनी हा काळ कसा लिहिला ते पाहावे. त्या विरहाचे वर्णन करीत नाहीत. चूल, घागर, भांडी यांविषयी लिहितात, भांडणांविषयी लिहितात, आणि स्वतःला हसतात. दुःख त्यांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! पण जवळ राहिल्यावर दुःखाला रोजच्या व्यवहाराचेच रूप येते, हे त्यांनी ओळखले होते. रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'तही नवऱ्याच्या बदल्यांबरोबर गावोगाव हलणारे घर आहे. पण तेथे रमाबाईंचे लक्ष बहुतेक 'स्वतः'कडेच, म्हणजे त्या ज्यांना 'स्वतः' म्हणतात त्या न्यायमूर्तींकडे आहे. लक्ष्मीबाईंचे लक्ष दोन घरांमधल्या अंतरावर आहे.

म्हणजे नमुना आपल्यापुढे होता. वर्गात तीस वर्षे मी तो शिकविला होता. पण 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्राच्या कप्प्यात, आणि समोरची वही कथेच्या कप्प्यात; एका कप्प्यातला गज दुसऱ्यात नेण्याचे मला सुचले नाही.

५

या कथेचे गाव मुळशीतले आहे, याला मी तेव्हा योगायोग समजलो. आता तसे वाटत नाही.

आमच्या डोंगराच्या पलीकडे खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी तिची कोनशिला बसली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे उद्घाटन झाले. तेथे तीन वर्षांत सहा सत्रे पुरी करावयाची असतात. प्रवेश अविवाहितांनाच, आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. शिक्षणाच्या दृष्टीने या नियमामागचे कारण समजण्याजोगे आहे. पण त्याचा अर्थ असा की, शिपाई घडविण्याच्या कल्पनेतूनच बायको वजा केलेली असते. ती पुढे येते तेव्हा घडण पुरी झालेली असते. कथेतल्या हवालदारासारखा मोठ्या वयाचा, मुलाबाळांचा माणूस पुन्हा शिकावयास येतो, तेव्हा या हिशेबात न बसणारे एक माणूस ट्रंक घेऊन डोंगराच्या अलीकडे उभे राहते. आपल्या वीरकथाही बहुधा याच हिशेबाने रचलेल्या असतात. नायक आधी एकटा करावयाचा आणि मग रणात पाठवावयाचा.

डोंगराच्या अलीकडची मुळशीही घर हलविण्याच्या बाबतीत अडाणी नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. येथल्या म्हाताऱ्यांना बिऱ्हाडाचे ओझे कळते. आणि येथल्याच बायकांनी जात्यावर ओव्या म्हटल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आयुष्यभर खपून ज्या ओव्या जमविल्या त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. त्यांत मुळशी-मावळातल्या बायकांचा वाटा मोठा आहे. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने त्या आवाजासह लोकांपुढे आणावयास सुरुवात केली. लावणीनंतर या ओव्या ऐकाव्यात. ओवी बाईनेच रचली, बाईनेच म्हटली, आणि दुसऱ्या बाईनेच ऐकली. भाऊ आणि आई तेथे जितक्या मोकळेपणाने येतात तितका नवरा येत नाही. जवळच्या माणसाविषयी आडून बोलावयाचे, त्याच्या वस्तूंविषयी, वाटेविषयी, जेवणाविषयी बोलावयाचे, ही त्या गाण्याची रीत आहे. माझ्या शेजारणीची कथा या रीतीने लिहिलेली होती. नवरा झोपला आहे आणि ती ओढ्यावर बसली आहे, यापेक्षा अधिक तिला म्हणावयाचे नव्हते. आणि मी तिच्याकडे लावणी मागत होतो.

वही मिळाल्यावर मी घरमालकिणीला सहज विचारले, "बाई इथं आल्या, पण त्यांना त्याचा काय उपयोग झाला?" त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लांब ऱ्हायली आसती तर सवय झाली आसती, मास्तर. हितं रोज वाटायचं, आज येतील. माझ्याकडनं चुकून रोज इचारलं जायचं, मालक आलं न्हाईत व्हय? मग मी इचारायची बंद झाले."

विप्रलंभाच्या एकाही प्रकारात हे बसत नाही. प्रवासाला गेलेल्याची वाट पाहण्याला मुदत असते: दसरा, पाऊस, सुट्टीची तारीख. तीन मैलांवरच्या माणसाची वाट पाहण्याला मुदत नसते, कारण तो केव्हाही येऊ शकतो. एक वेगळाच भाव येथे आहे, आणि त्याला अजून नाव मिळालेले नाही. कथेने तो पकडला होता.

६

याचा अर्थ कथा निर्दोष होती असे नाही. समीक्षक पश्चात्ताप करू लागला की त्याला सारेच गोड वाटू लागते. तो मोह टाळला पाहिजे. पहिली दोन पाने लांबली आहेत. गावाकडचे घर आणि शाळा यांची वर्णने सवयीने आलेली आहेत, गरजेने नव्हेत. मुलीचे पात्र सोयीचे आहे. ती हवी तेव्हा रडते आणि हवी तेव्हा झोपते. आणि पहारेकऱ्याच्या तोंडी देशसेवेविषयीचे जे वाक्य घातले आहे, ते लेखिकेने बहुधा माझ्यासारख्या वाचकाला खूष करण्यासाठी घातले असावे. मी शेरा देताना हे दोष दाखविले असते तर ती कथा सुधारली असती. मी तिचा विषयच बदलावयास सांगितला.

हा विषय आता जुनाही होणार नाही, उलट अधिक अवघड होणार आहे. २०१५ साली काश्मीरमध्ये कर्नल संतोष महाडिक यांना वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईच्या प्रबोधिनीत प्रशिक्षण घेतले आणि २०१७ साली त्या लेफ्टनंट झाल्या. पतीच्या जवळ राहण्याचा हा कोणता प्रकार म्हणावयाचा? आमच्या डोंगरापलीकडच्या प्रबोधिनीत २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी सतरा जणी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यांच्यापैकी कोणी पुढे एखाद्या लांबच्या प्रशिक्षणाला जाईल, आणि तिचा नवरा मुलाला घेऊन कुंपणाजवळ खोली शोधील. घरमालकीण त्याला काय विचारील? रविवारी ती झोपेल तेव्हा तो मुलाला घेऊन कोठे बसेल? त्या पुरुषासाठी लावणीत शब्द नाहीत, शास्त्रात नाव नाही. जो लेखक हे लिहू पाहील त्याला ओवीकडे आणि लक्ष्मीबाईंकडे जावे लागेल, असे मला वाटते. आणि त्याचे लिखाण ज्याच्या हाती पडेल त्या समीक्षकाने निदान एकदा स्वतःला विचारावे, की कथेत काही घडत नाही, की जे घडते आहे ते ओळखावयास आपण शिकलेलो नाही?

वही माझ्याकडे आहे. लेखिकेचा पत्ता घरमालकिणीकडे नाही. फौजेतल्या बिऱ्हाडांचे पत्ते तसे टिकतही नाहीत. पण दिवाळी अंक हातोहात दूरवर जातात, छावण्यांतही जातात, म्हणून येथे लिहितो. शेवटच्या पानावरचा पेन्सिलीचा शेरा मी खोडला आहे. त्याच्या जागी पहारेकऱ्याच्या त्या वाक्याभोवती खूण करून 'हे काढावे' एवढेच लिहिले आहे. बाकीची कथा जशी आहे तशी राहू द्यावी. ती छापावयाची की नाही, हे ज्या बाईंनी लिहिली त्यांनी ठरवावे. वही त्यांची आहे. मागतील तेव्हा परत करीन.